नव्या गाडीची टिकटिक: आधी ऐका, मग लिहून द्या



गटाच्या बैठकीत आपण शेळ्यांबद्दल बोलतो, पापड-मसाल्याबद्दल बोलतो आणि कर्जाच्या हप्त्याबद्दल तर दर महिन्याला बोलतो. आज मी गाडीबद्दल बोलणार आहे. आता गटातल्या बायकांच्या दारातही गाड्या उभ्या राहायला लागल्या आहेत. केंद्र सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. बचत गटाच्या सदस्याने गावच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवावी आणि त्यासाठी तिला संघाच्या निधीतून बिनव्याजी कर्ज मिळावं, अशी ही योजना आहे. काहींनी बँकेचं कर्ज काढून व्हॅन घेतली, तर काहींनी नवऱ्याच्या नावावर छोटी गाडी घेऊन शाळेची मुलं सोडायला सुरुवात केली.

अशाच एका ताईने प्रश्न विचारला आहे. "गाडीला वर्षही झालं नाही. सकाळी चालू केली की इंजिनमधून टिकटिक आवाज येतो. शोरूममध्ये नेली तर म्हणतात, काही नाही, चालवा. आम्ही काय करायचं?"

प्रश्न छोटा दिसला तरी त्यामागे पैसा मोठा आहे. गाडी वॉरंटीत असेपर्यंत आतला बिघाड कंपनीने फुकट दुरुस्त करायचा असतो. मुदत संपली की तीच दुरुस्ती आपल्या खिशातून होते. इंजिन उघडायची वेळ आली तर कित्येक महिन्यांचे हप्ते एका बिलात जातात. म्हणून टिकटिक साधी आहे की बिघाडाची, हे वेळेत कळायला हवं. बिघाडाची असेल तर ती मुदतीच्या आत कागदावर यायला हवी.

इंजिन टिकटिक का करतं?

शिलाई मशीन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते चालताना कटकट आवाज येणारच, कारण आत लोखंडाचे भाग एकमेकांवर चालतात. पण तेल संपलं किंवा एखादा स्क्रू सैल झाला, तर तो आवाज बदलतो आणि रोज मशीनवर बसणाऱ्या बाईला ते लगेच कळतं. गाडीच्या इंजिनाचंही तसंच आहे.

इंजिनात हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला छोट्या झडपा असतात. मिस्त्री त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. गाडी जागेवर उभी असते, तेव्हाही इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते आणि मिटते. म्हणजे मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला सहा-सात वेळा. झडप आणि तिला ढकलणारा भाग यांच्यात थोडी जागा ठेवलेली असते. ती असते साधारण वहीच्या दोन-तीन पानांच्या जाडीएवढी. ही जागा वाढली की प्रत्येक उघडझापीला टक्कर होते आणि 'टिक' वाजतं. गॅरेजमध्ये याला 'टॅपेट वाजतंय' म्हणतात.

पुष्कळ इंजिनांत ही जागा इंजिन ऑइलच्या दाबाने आपोआप भरते. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. सकाळी ते पुन्हा वर चढेपर्यंत दोन-चार सेकंद टिकटिक होऊ शकते. आवाज तेवढ्यात थांबला तर घाबरायचं कारण नाही. पण दोन-तीन मिनिटं चालला, दिवसभर राहिला किंवा महिन्यागणिक वाढत गेला, तर तो दाखवायलाच हवा.

आवाजाला विचारायचे पाच प्रश्न

डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं 'पोट दुखतं' सांगून भागत नाही. कधी दुखतं, कुठे दुखतं, जेवल्यावर की उपाशीपोटी, असं तो विचारतो. आवाजाचंही तसंच विचारायचं.

पहिला प्रश्न, कधी येतो? इंजिन गार असताना, गरम झाल्यावर, की दोन्ही वेळी?

दुसरा, किती वेळ राहतो? काही सेकंद, काही मिनिटं, की थांबतच नाही?

तिसरा, कशाबरोबर वाढतो? गाडी उभी ठेवून हळूच रेस करून बघा. रेसबरोबर टिकटिकही भरभर झाली, तर आवाज इंजिनाचा किंवा इंजिनावर चालणाऱ्या भागाचा आहे. उभ्या गाडीत कितीही रेस केली तरी येत नाही आणि गाडी चालायला लागली की चाकाच्या वेगाने येतो, तर आधी टायर बघा. खाचेत अडकलेला खडासुद्धा अगदी अशीच टिकटिक करतो. गाडी पूर्ण वळवतानाच कटकट येत असेल, तर पुढच्या चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा जोड तपासायला सांगा.

चौथा, कुठून येतो? बॉनेटच्या वरच्या बाजूने, खालून, पुढच्या पट्ट्याकडून, की सायलेन्सरच्या नळीकडून?

पाचवा, बरोबर आणखी काय होतं? गाडी धक्के देते का, अ‍ॅव्हरेज कमी झालं का, धुराचा वास येतो का, समोर एखादा दिवा लागतो का?

या पाच उत्तरांवरून निम्मं निदान घरीच होतं. उरलेलं निम्मं मिस्त्रीच करेल, पण त्याला हात कुठे घालायचा ते कळेल.

ऐकताना काळजी घ्या. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चालवायच्या जागेवर कुणीतरी बसू द्या. साडीचा पदर, ओढणी, वेणी नीट खोचून घ्या. चालू इंजिनावर वाकू नका, पट्ट्याजवळ हात नेऊ नका. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो, हे लक्षात ठेवा. लहान मुलांना लांब ठेवा.

घाबरू नये असे आवाज

सगळ्यात आधी साधे आवाज ओळखू या. गाडी बंद केल्यावर खालून टिक, टिक असा सावकाश आवाज येतो. सायलेन्सरचा तापलेला पत्रा गार होताना आक्रसतो, त्याचा तो आवाज. तवा उतरवून ठेवल्यावर येतो ना, तसाच.

सीएनजी गाडी गॅसवर चालताना बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येते. गॅस सोडणारे इंजेक्टर विजेवर उघडतात आणि मिटतात, त्यांची ती टिकटिक. काही पेट्रोल इंजिनांतही इंजेक्टरचा आवाज येतो. डिझेल इंजिन तर मुळातच खडखडीत. आमच्या प्रभागातल्या एका गटाने सीएनजी व्हॅन घेतली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच सगळ्या जणी धास्तावल्या होत्या. गाडी पेट्रोलवर करून ऐकली तर टिकटिक बंद, गॅसवर केली की पुन्हा सुरू. प्रश्न तिथेच मिटला. फेरफटका वाचला, दिवस वाचला.

साध्या आवाजाची खूण अशी की तो एकसारखा असतो आणि गाडी घेतली तेव्हापासून तसाच असतो. म्हणून नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात तिचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढे शंका आली तर ताडून पाहायला तो उपयोगी पडतो.

दाखवायलाच हवेत असे आवाज

टिकटिक वाटली की पहिलं काम ऑइल बघायचं. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, किंवा सकाळी चालू करायच्या आधीच बघा. ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असायला हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर वरच्या भागांना ऑइल नीट पोचत नसण्याची शक्यता आहे. आधी पट्टीचा फोटो काढा, मग सर्व्हिस सेंटरला फोन करा. तशी गाडी लांब पळवू नका. घालायला सांगितलं तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल घाला आणि बिल जपून ठेवा. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्त ऑइलही इंजिनाला वाईटच. नव्या गाडीचं ऑइल पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर तीच वेगळी तक्रार आहे.

दुसरा आवाज सायलेन्सरच्या बाजूचा. इंजिनातून धूर बाहेर पडतो, तिथे नळी इंजिनाला जोडलेली असते. जोडात पॅकिंग असतं. ते नीट बसलं नाही किंवा बोल्ट सैल झाला, तर फटीतून धूर फुसफुसत बाहेर येतो. ऐकायला तो अगदी टिकटिकीसारखा वाटतो. त्याची मोठी खूण म्हणजे तो गार इंजिनावर जोरात येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो किंवा थांबतो, कारण तापलेलं लोखंड फुगतं आणि फट मिटते. जोडाजवळ कधी काजळीचा काळा डागही दिसतो. हा आवाज हलक्यात घेऊ नका. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तो गाडीत शिरला तर डोकं दुखतं, चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडतो आणि जिवालाही धोका होतो. आपण शाळेची मुलं नेतो, हे विसरू नका. गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून आवाज ऐकत बसू नका, मोकळ्यावर आणा.

तिसरा आवाज टॅपेटचा. तो बॉनेटच्या वरच्या बाजूने येतो आणि रेसबरोबर भरभर होतो. ऑइल बरोबर असूनही इंजिन गरम झाल्यावर तो राहत असेल तर तपासणी हवी.

चौथा, चालू करताच क्षणभर खर्रर्र असा साखळी घासल्यासारखा आवाज. टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या भागात दोष असेल तर असा आवाज येतो. तो रोज सकाळी येत असेल तर सांगा.

पाचवा, टिकटिकीबरोबर गाडी धक्के देत असेल आणि इंजिनाचा दिवा लागला असेल, तर स्पार्क प्लग किंवा त्याची कॉइल तपासून घ्या.

आणि शेवटचा आवाज सगळ्यात गंभीर. तो टिकटिक नसतो, खालून येणारी जड ठकठक असते. चढावर किंवा ओझं असताना ती वाढते. ती आली, किंवा तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन ताबडतोब बंद करा. 'गाव दोनच किलोमीटरवर आहे' म्हणून पुढे नेऊ नका. ऑइलच्या दाबाशिवाय इंजिन थोड्या वेळातच निकामी होतं. शिवाय 'दिवा लागलेला असताना गाडी चालवली' म्हणून कंपनी वॉरंटीही नाकारू शकते. सर्व्हिस सेंटरला फोन करा, गाडी ओढून नेऊ द्या. रस्त्यावरच्या मदतीचा नंबर गाडीच्या कागदांत दिला आहे का, ते आजच पाहून ठेवा.

आवाज सकाळचा, शोरूम दुपारचं

आता मुख्य अडचणीकडे येते. आपला आवाज येतो सकाळी सहा-सातला, गार इंजिनावर. सर्व्हिस सेंटर असतं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि आवाज थांबतो. मिस्त्री कान लावतो, त्याला काही ऐकू येत नाही. तो खोटं बोलत नसतो, आपणही नसतो. पण 'आवाज आढळला नाही' असं होऊन गाडी परत येते.

आमच्याकडच्या एका ताईंचं असंच झालं. त्या स्वतः व्हॅन चालवतात. सकाळी मुलं, बाजाराच्या दिवशी भाजी. गार इंजिनावर दोन-तीन मिनिटं टिकटिक यायची. तीन वेळा पस्तीस किलोमीटर जाऊन आल्या. प्रत्येक वेळी अर्धा दिवस गेला, भाडं बुडालं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "साहेब, रोज सकाळी येतो हो आवाज." समोरून उत्तर आलं, "मॅडम, या मॉडेलला सगळ्यांनाच असतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मग बैठकीत आम्ही त्यांचे तिन्ही जॉब कार्ड बघितले. दोनांवर नुसतं 'सर्व्हिस' लिहिलेलं होतं. तिसऱ्यावर 'जनरल चेकअप'. आवाजाचा एक शब्दही कुठे नव्हता. म्हणजे कागदावर बघितलं तर त्या ताईंनी कधी तक्रारच केली नव्हती.

चौथ्या वेळी त्या संध्याकाळी गेल्या. गाडी रात्रभर तिथेच ठेवली आणि सकाळी तिथल्या माणसासमोर पहिल्यांदा चालू करायला लावली. टिकटिक दोघांनीही ऐकली. सायलेन्सरच्या नळीच्या जोडाचं पॅकिंग गळत होतं. ते वॉरंटीत बदलून मिळालं, एक रुपया लागला नाही. तीन फेऱ्यांत जे झालं नाही, ते एका रात्रीत झालं.

म्हणून गार इंजिनाचा आवाज असेल तर 'गाडी रात्रभर ठेवून सकाळी पहिल्या स्टार्टला तपासा' असं आधी फोनवर ठरवून जा.

जॉब कार्डवर काय लिहायचं?

आपल्याला इतिवृत्त लिहायची सवय आहे. ठराव कुणी मांडला, किती रक्कम, कोणती तारीख, हे लिहिल्याशिवाय आपण सही करत नाही. जॉब कार्ड म्हणजे गाडीचं इतिवृत्तच. त्यावर सही करायच्या आधी वाचा.

'इंजिन आवाज' एवढं लिहून चालत नाही. असं लिहायला सांगा: 'सकाळी पहिल्या स्टार्टला, इंजिन गार असताना, बॉनेटच्या डाव्या बाजूने दोन ते तीन मिनिटं टिकटिक आवाज. रेस केल्यावर वाढतो. गरम झाल्यावर थांबतो. ऑइल दोन खुणांच्या मध्ये. दिवा लागत नाही. एक महिन्यापासून रोज.' यात पाचही प्रश्नांची उत्तरं आली.

जोडीला मोबाइलचा व्हिडिओ न्या. किल्ली फिरवण्याच्या आधीपासून शूटिंग सुरू करा. किलोमीटरचा आकडा दाखवा, तारीख आणि वेळ तोंडाने बोला, मग गाडी चालू करा. तीन दिवसांचे तीन व्हिडिओ असले तर 'एखाद्या दिवशी आला असेल' असं कुणी म्हणू शकत नाही.

'सगळ्या गाड्यांना असतो' असं उत्तर आलं तर भांडू नका. शांतपणे सांगा, "ठीक आहे दादा, मग याच मॉडेलची दुसरी गार गाडी चालू करून मला ऐकवा." दोन्ही आवाज सारखे निघाले तर आपली काळजी मिटली. वेगळे निघाले तर त्यांनाही ते दिसलं. तरीही काही करणार नसतील, तर 'आवाज ऐकला, सामान्य आहे' असं जॉब कार्डवर लिहून सही-शिक्का मागा. पुढे तोच आवाज वाढून बिघाड झाला, तर मुदतीच्या आत आपण तो दाखवला होता, याचा तो पुरावा असतो.

निघताना जॉब कार्डची प्रत आणि काय दुरुस्त केलं त्याचा कागद घ्या. बिल शून्य रुपयांचं असलं तरी घ्या.

वॉरंटी कशाने जाते?

वॉरंटीची मुदत वर्षांत आणि किलोमीटरमध्ये दिलेली असते आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल ते धरतात. भाड्याने चालणारी गाडी किलोमीटर लवकर पुरे करते. म्हणजे पुस्तकात तीन वर्षं लिहिली असली, तरी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीची मुदत त्याआधीच संपू शकते. प्रवासी भाड्याच्या गाडीला वेगळ्या अटी असू शकतात, तेही पुस्तकात बघा.

ब्रेकचे पॅड, क्लच, वायपर, फिल्टर यांसारखे झिजणारे भाग साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. सर्व्हिस वेळेवर केली नाही, बाहेर इंजिन उघडलं किंवा बाहेरून गॅस किट बसवला, तर कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. आपल्या गावच्या मिस्त्रीचा कान पुष्कळदा तयार असतो. त्याला आवाज ऐकवायला काहीच हरकत नाही. मात्र गाडी वॉरंटीत असताना त्याला पाना लावू देऊ नका.

तरी कुणी ऐकलं नाही तर?

आधी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला लेखी द्या. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि सोबत जॉब कार्ड, व्हिडिओ जोडा. त्यानेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे मराठीत बोलता येतं.

त्याच्याही पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे आपण ज्याला ग्राहक मंच म्हणायचो तिथे, ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूची तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, कंपनीच्या शहरात जायची गरज नाही.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे, म्हणजे तिच्यासाठी दाद मागता येते. म्हणून गाडी कुणाच्या नावावर आहे, कोण चालवतं, घर त्यावर कसं चालतं, याचे कागद नीट ठेवा. गाडी गटाच्या नावावर असेल तर आधी सल्ला घ्या. महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, तिला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. ती तालुक्याच्या न्यायालयातच असते.

बहुतेक वेळा गोष्ट तिथपर्यंत जात नाही. नीट लिहिलेली तक्रार हातात असली की समोरचाही नीट बोलतो.

तर मैत्रिणींनो, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला वॉरंटीचं पुस्तक घेऊन या. मुदतीची तारीख आणि किलोमीटर गटाच्या नोंदवहीत लिहून घ्या. हप्त्याची तारीख लिहितो, त्याच पानावर. मुदत संपायच्या एक महिना आधी गाडी एकदा पूर्ण तपासून घ्या आणि मनात असलेली प्रत्येक शंका जॉब कार्डवर येऊ द्या. आणि उद्या सकाळी गाडी चालू कराल, तेव्हा रेडिओ आणि फोन बंद ठेवून दोन मिनिटं नुसतं ऐका.